पहिला नीलम घेताना: रंगाआधी विचारायचे प्रश्न

नीलम घ्यायला गेलं की दुकानदार ट्रे समोर ठेवतो आणि आपले डोळे आपोआप सगळ्यात निळ्या खड्यावर जाऊन बसतात. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. खरं म्हणजे रंगाचा नंबर बराच नंतर लागतो. त्याआधी तीन प्रश्न निकालात काढायचे, आणि तेही याच क्रमाने. हा नीलमच आहे का? असेल, तर जमिनीतून आला की भट्टीतून? आणि जमिनीतून आला असेल, तर नंतर त्याच्यावर काय काय केलंय? दोन खडे शेजारी ठेवले तर दिसायला जुळे भाऊ वाटतील, पण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांच्या किमतीत दहापट, कधी शंभरपट फरक पडतो. आणि नेमका हाच प्रश्न काउंटरवर कोणी विचारत नाही.

साडेसातीसाठी घ्या, लग्नाच्या वाढदिवसाला घ्या, नाहीतर नुसती हौस म्हणून घ्या. शनी प्रसन्न होतो की नाही या वादात मी पडत नाही. फक्त शनीच्या नावाने घेतलेला खडा काचेने भरलेला निघू नये, एवढ्यापुरता हा लेख आहे.

पायरी १: आपण काय विकत घेतोय ते समजून घ्या

नीलम म्हणजे कुरुंद. चाकूला धार लावायच्या दगडात आणि पॉलिश पेपरवर जो कुरुंद असतो, तोच. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. त्यात जरासं क्रोमियम शिरलं की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियम दोन्ही एकत्र शिरले की नीलम होतो. नवरत्नांत वेगवेगळे मान असलेले माणिक, नीलम आणि आपण ज्याला पुष्कराज म्हणतो तो पिवळा खडा ही तिन्ही एकाच खनिजाची रूपं आहेत. नीलमाला निळं करायला लोह आणि टायटॅनियम अगदी नाममात्र लागतात, टक्क्याचा शंभरावा हिस्साही चालतो. पण दोघं शेजारी-शेजारी असावे लागतात. त्यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होताना प्रकाशातला पिवळा-तांबडा भाग शोषला जातो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. ही जोडी लक्षात ठेवा, पाचव्या पायरीला तीच पुन्हा लागणार आहे.

तीन आकडे लक्षात ठेवले तर पुढे उपयोग होतो. मोह्‌सच्या मापावर कठीणपणा ९, म्हणजे रोजच्या धुळीतले वाळूचे कण, जे ७ असतात, नीलमावर ओरखडा काढू शकत नाहीत. हिरा मात्र काढतो. घनता साधारण ४, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या चौपट वजन. आणि अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश खड्यात शिरताना किती वळतो त्याचं माप, १.७६ ते १.७७, जो लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटरवर मिनिटाभरात कळतो. हिऱ्याची घनता ३.५२ असल्यामुळे एक कॅरेटचा नीलम एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसतो. हिऱ्याच्या अंगठीची सवय असलेल्यांना नीलम पाहून ‘एवढासाच?’ वाटतं, ते यामुळे.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे एवढा काळा कातळ आहे, मग त्यात नीलम का नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. थायलंड आणि ऑस्ट्रेलियात बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्याच, प्रदेशात नीलम मिळतो हे खरं. पण तो बेसाल्ट वेगळ्या जातीचा, अल्कली बेसाल्ट. खोल जमिनीत आधीच तयार झालेले नीलम त्याने फक्त लिफ्टसारखे वर आणून सोडले. आपला साडेसहा कोटी वर्षांचा दख्खनचा कातळ बहुतांश थोलेईटिक जातीचा आहे, त्यात हा माल येत नाही. महाराष्ट्राचं स्वतःचं म्हणावं असं निळं खनिज आहे ते कॅव्हान्साइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत त्याचे मोरपंखी निळे झुबके सापडतात आणि जगभरचे खनिजसंग्राहक त्यासाठी वेडे असतात. पण त्याचा कठीणपणा जेमतेम ३ ते ४. त्याची अंगठी करू नका, काचेच्या कपाटातच शोभतं ते.

पायरी २: रत्तीचा घोळ आधी मिटवा

ज्योतिषी सांगतात ‘सव्वापाच रत्ती’. दुकानदार म्हणतो ‘देतो’. कुठली रत्ती, हे कोणीच सांगत नाही.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे आजीच्या तोंडी ऐकलेलं असेल. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून त्या हिशेबाने एक गुंज किंवा सोनारी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची. खड्यांच्या बाजारात मात्र जी रत्ती चालते ती साधारण १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरेट. पाच रत्ती पहिल्या हिशेबाने ३.०४ कॅरेट होतात, दुसऱ्या हिशेबाने ४.५५. दीड कॅरेटच्या आसपासचा हा फरक नुसता बोलण्यात विरून जाऊ शकतो.

उपाय साधा आहे. भाव कॅरेटमध्ये विचारा, वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ते जगभर एकच. आणि खडा मोठा झाला की दर कॅरेटमागचा भावही वाढतो, हे विसरू नका. चार कॅरेटचा खडा दोन कॅरेटच्या दुप्पट किमतीत मिळत नाही, चांगल्या प्रतीचा असेल तर बराच जास्त पडतो.

पायरी ३: हा नीलमच आहे का?

‘दुधात टाकला की दूध निळं दिसतं’ ही परीक्षा पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. कुठलाही निळा पारदर्शक खडा, अगदी बाटलीच्या काचेचा तुकडासुद्धा, पांढऱ्या दुधात निळी झाक पाडतो.

घरी करता येण्यासारखी आणि खरोखर काही सांगणारी एक परीक्षा आहे: घनता मोजायची. सुट्या खड्यावरच होते, अंगठीत बसवलेल्यावर नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. आधी कोरडा खडा मोजा. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातातच धरायचा. खड्याला चिकटलेले बुडबुडे हलवून घालवा. आता काटा जो आकडा दाखवतो तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

पाच कॅरेटचा, म्हणजे १.०० ग्रॅमचा नीलम असेल तर काटा ०.२५ दाखवेल, भागाकार ४. साधी काच असेल तर ०.४०च्या आसपास. नीलमाचं उपरत्न म्हणून खपवली जाणारी ‘नीली’, म्हणजे आयोलाइट, ०.३८च्या जवळपास. टांझानाइट, तेही एक निळं रत्न, ०.३०. रंगीत क्युबिक झिर्कोनिया उलट जड, तो ०.१७ किंवा ०.१८ दाखवेल. स्पिनेल आणि कायनाइट हे निळे खडे मात्र ०.२७–०.२८ला येतात, म्हणजे नीलमाशी असलेला फरक काट्याच्या चुकीत हरवू शकतो. दोन कॅरेटच्या आतल्या खड्यावर तर या परीक्षेचा भरवसाच धरू नका.

आयोलाइट ओळखायची आणखी एक सोपी खूण म्हणजे खडा बोटांत धरून उजेडासमोर फिरवायचा. एका बाजूने जांभळट निळा, दुसऱ्या बाजूने जवळजवळ बिनरंगी किंवा पिवळट दिसला की समजायचं. नीलमही दोन दिशांनी दोन छटा दाखवतो, एकीकडे जांभळट निळी आणि एकीकडे किंचित हिरवट, पण तो कधी असा पाण्यासारखा होत नाही.

काटा ४ म्हणाला म्हणून लगेच पेढे वाटू नका. भट्टीतला नीलम, रंग आत मुरवलेला नीलम, दोन्ही हीच घनता दाखवतात, आणि शिशाच्या काचेने भरलेलाही फार लांब जात नाही. काटा एवढंच सांगतो की हा कुरुंद असू शकतो.

पायरी ४: खाणीतला की भट्टीतला?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त व्हर्नुई याने कृत्रिम माणिक बनवायची पद्धत १९०२ साली जाहीर केली. ॲल्युमिनाची बारीक पूड ज्वाळेतून खाली सोडायची, ती वितळून थेंबाथेंबाने एका दांडीवर थिजत जाते आणि काही तासांत स्फटिकाचा खांब उभा राहतो. पुढच्या दहा वर्षांत लोह आणि टायटॅनियम घालून नीलमही जमला. म्हणजे आजीच्या पेटीतला जुना नीलम ‘जुना आहे म्हणून खरा’ असं धरून चालू नका. शंभर वर्षांपूर्वीही तो कारखान्यात बनत होता.

हा कृत्रिम नीलम खोटा नाही. रासायनिक दृष्ट्या तो नीलमच आहे, फक्त मुबलक आणि स्वस्त. महागड्या घड्याळाच्या काचेवर ओरखडा पडत नाही, कारण ती बिनरंगी कृत्रिम नीलमाची असते. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यावरचं कव्हरही तेच. घरातला एलईडी दिवा ज्या गॅलियम नायट्राइडमुळे पेटतो, त्याचा पातळ थर बहुतेक वेळा नीलमाच्या चकतीवरच वाढवलेला असतो. टायटॅनियम मिसळलेल्या नीलमाचा लेसर १९८२ साली अमेरिकेत तयार झाला आणि अतिसूक्ष्म काळाचे प्रकाशझोत सोडायला प्रयोगशाळा आजही तो वापरतात. एकूण जगात दागिन्यांपेक्षा कारखान्यांनाच नीलम जास्त लागतो. अडचण फक्त एकच, भट्टीतला नीलम खाणीच्या भावाने गळ्यात मारला जातो तेव्हा.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, जोहऱ्याकडे असतं तसलं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि चिमट्यात धरलेला खडा हळूहळू जवळ आणायचा. उलटं करू नका, काही दिसणार नाही. खडा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून किंवा पाण्यात बुडवून पाहिला की रंगाचे पट्टे स्पष्ट होतात. निसर्गात स्फटिक सपाट बाजूंनी वाढतो, म्हणून पट्टे सरळ असतात आणि एकमेकांना षटकोनाच्या कोपऱ्यासारखे १२० अंशांत मिळतात. व्हर्नुईच्या भट्टीत खांबाचा माथा गोलसर राहतो, म्हणून पट्टे वक्र पडतात. वक्र पट्टे दिसले की पुढचं काही बघायची गरज नाही. गोल बुडबुडे दिसले तरी शंका घ्या. उलट, एकमेकांना छेदणाऱ्या केसाहून बारीक सुयांचं जाळं दिसलं तर आनंद माना. त्या रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाच्या सुया, बाजारात त्याला ‘सिल्क’ म्हणतात. घुमटासारख्या घासलेल्या खड्यात याच सुया टॉर्चच्या उजेडात सहा किरणांचा तारा उमटवतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत असलेला ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचा ५६३ कॅरेटचा नीलम असाच तारावाला आहे. नाव इंडियाचं, खडा श्रीलंकेचा.

दुकानात पेनासारखा हिरा-टेस्टर लावून ‘बघा, खरा’ म्हणतात, तो इथे काहीच कामाचा नाही. खाणीतला आणि भट्टीतला कुरुंद त्याला सारखाच लागतो.

पायरी ५: याच्यावर काय केलंय?

आता मुख्य मुद्दा. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच की खडा जमिनीतून निघाला. नंतर त्याचं काय झालं याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. दुकानदार ‘शंभर टक्के नॅचरल’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो, फक्त अर्धंच बोलत असतो.

सगळ्यात जास्त चालतं ते तापवणं. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधाळ, करडे खडे पूर्वी टाकाऊ समजत. १९७०च्या दशकात थायलंडच्या कारागिरांनी ते विकत घेऊन १५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायला सुरुवात केली. दुधाळपणा यायचा तो रुटाइलच्या बारीक सुयांमुळे. तेवढ्या उष्णतेला त्या विरघळतात, त्यांच्यातलं टायटॅनियम स्फटिकात मोकळं होतं आणि तिथे असलेल्या लोहाशी त्याची जोडी जमते. भट्टीतली हवा नेमकी राखली की करडा खडा निळा होऊन बाहेर येतो. आज बाजारातले बहुसंख्य नीलम असे ‘हीटेड’ आहेत. हा रंग कायमचा असतो, धुऊन जात नाही, उन्हात उडत नाही. मला विचाराल तर हीटेड नीलम घेण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त भाव हीटेडचा द्यायचा. अनहीटेड, चांगला निळा आणि स्वच्छ खडा दुर्मिळ असतो आणि त्याची किंमतही तशीच असते. पाच कॅरेटचा, डोळ्याला स्वच्छ, सुरेख निळा, ‘अनहीटेड’ आणि काही हजारांत, असं कोणी म्हणालं तर या चारातलं एक तरी विधान खोटं आहे.

त्याच्या पुढची पायरी डिफ्यूजनची. फिकट खडा टायटॅनियमच्या पुडीत पुरून तापवला की रंग वरच्या कातडीपुरता मुरतो, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. खडा पाण्यात बुडवून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहिला तर पैलूंच्या कडा गडद रेघांसारख्या उठून दिसतात आणि आतला भाग फिका. असा खडा चिरकला आणि पुन्हा घासावा लागला तर निळा रंग चाकावरच राहतो. बेरिलियम मुरवायचा प्रकार २००० नंतर आला. तो मुख्यतः पिवळ्या-केशरी खड्यांसाठी वापरतात, म्हणजे पुष्कराज घेणाऱ्यांनी त्याचा जास्त धसका घ्यावा. तो ओळखायला साधं भिंग पुरत नाही, मोठ्या लॅबची यंत्रं लागतात.

आणि तळाला आहे काचेने भरलेला नीलम. तड्यांनी भरलेला, एरवी खडीत जाणारा कुरुंद घ्यायचा आणि त्याच्या भेगांत कोबाल्टने निळी केलेली शिशाची काच वितळवून ओतायची. रंग बहुतेक काचेचाच. वरून भन्नाट दिसतो आणि दर कॅरेटमागे अगदी किरकोळ किमतीचा असतो. भिंगाखाली भेगांमध्ये चपटे बुडबुडे आणि खडा हलवताना निळी चमक दिसते. हा टिकत नाही. लिंबाचा रस, बाथरूम साफ करायचं ॲसिड, सोनाराच्या गॅसची आच, यातलं काहीही लागलं की काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात. रस्त्यावर, जत्रेत आणि काही ऑनलाइन दुकानांत ‘ओरिजिनल नीलम विथ सर्टिफिकेट’ म्हणून जे मिळतं त्यात हा प्रकार असू शकतो. त्याला हात लावू नका, फुकट दिला तरी.

पायरी ६: कुठला, हे शेवटी विचारा

काश्मिरी नीलमाची एवढी ख्याती का, तर त्याची गोष्ट अवघ्या काही वर्षांची आहे. १८८१च्या सुमारास किश्तवाड भागात पाडर खोऱ्यातल्या सुमजाम गावाच्या वर, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. काश्मीरच्या महाराजांनी पहारा बसवला. वर्षातले बरेच महिने तिथे बर्फ असतं, काम उन्हाळ्याचे थोडे आठवडेच चालतं. १८८२ ते १८८७ या काळात मुख्य साठा उपसून संपला. नंतर अधूनमधून प्रयत्न झाले, पण तसा माल पुन्हा निघाला नाही. त्या नीलमात इतके सूक्ष्म कण असतात की प्रकाश आतल्या आत पसरतो आणि रंगाला मखमली साय आल्यासारखी दिसते. २०१५ साली हाँगकाँगच्या लिलावात २७.६८ कॅरेटचा काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख डॉलरला गेला, म्हणजे कॅरेटला जवळपास २ लाख ४२ हजार डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हात ३९२.५२ कॅरेटचा श्रीलंकेचा ‘ब्लू बेल ऑफ एशिया’ १ कोटी ७३ लाख डॉलरला विकला गेला. त्याचा कॅरेटमागचा भाव ४४ हजारांच्या आसपास. तेव्हा गल्लीतल्या दुकानात ‘साहेब, काश्मिरी आहे’ असं कुजबुजून सांगितलं तर हसून पुढे जा.

सर्वसाधारण ग्राहकाला खरोखर मिळतो तो सिलोनी नीलम, नाहीतर त्याच्यासारखा दिसणारा मादागास्करचा. श्रीलंकेत रत्नपुरा भागात भातशेतीच्या खाली खड्डे खणून ‘इल्लम’ नावाचा गोट्यांचा थर काढतात आणि पाण्यात टोपल्या घोळवून खडे निवडतात. रंग फिकट ते मध्यम, पण जिवंत. मादागास्करला इलाकाका इथे १९९८ साली मोठा साठा लागला आणि माळरानावर बघता बघता गाव उभं राहिलं. पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी श्रीलंका आणि मादागास्कर एकाच खंडात जवळजवळ होते. खडकही तेव्हाच भाजून निघाले, म्हणून त्यांचे खडे वेगळे ओळखायला तज्ज्ञांनाही घाम फुटतो. म्यानमारच्या मोगोक भागातला नीलम गडद आणि भरदार निळा. थायलंड आणि ऑस्ट्रेलियाचा माल लोहामुळे काळपट. ‘बँकॉक नीलम’ असं जे सांगतात ती खाण नव्हे, बँकॉक ही बाजारपेठ आहे. खडा आफ्रिकेतला असून तिथे तापवून, पैलू पाडूनही आलेला असू शकतो.

माझं मत विचाराल तर, देशासाठी जादा पैसे तेव्हाच मोजा जेव्हा खडा अनहीटेड आहे आणि उत्पत्तीचं मत नामांकित लॅबने लेखी दिलंय. हीटेड खड्याच्या बाबतीत गाव विचारून फारसा फायदा नाही.

पायरी ७: कागद वाचायला शिका

सोबत आलेलं प्लास्टिकचं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट असेलच असं नाही. विकणाऱ्याच्याच छापखान्यातून आलेली कार्डं पुष्कळ असतात. जयपूरचं आयआयजीजे-रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया यांच्यासारख्या, खडे न विकणाऱ्या लॅबचा रिपोर्ट मागा. फार मोठी खरेदी असेल तर स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ आणि ग्युबेलिन या लॅब जगभर मानतात.

रिपोर्ट वाचताना वरची मोठी अक्षरं सोडा आणि खालचा ‘कॉमेंट्स’ किंवा ‘ट्रीटमेंट’चा रकाना शोधा. ‘नो इंडिकेशन ऑफ हीटिंग’ असं लिहिलेलं असेल तरच अनहीटेड. रकाना रिकामा असेल किंवा रिपोर्टवर तो रकानाच नसेल, तर खडा अनहीटेड आहे असं समजू नका. लॅबने ते तपासलंच नसेल. मग वजन दोन दशांशांपर्यंत आणि लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये हातातल्या खड्याशी ताडून पहा. ही मापं जुळली नाहीत तर कागद दुसऱ्याच खड्याचा आहे. शेवटी रिपोर्टचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाका. कार्डावरचा क्यूआर कोड नुसता स्कॅन करू नका, तो कुठल्याही पानावर नेऊ शकतो.

आता एक युक्ती. आपल्याकडे नीलम ‘लाभतो का’ हे पाहायला तीन रात्री उशाखाली ठेवायची किंवा दंडाला बांधायची पद्धत आहे, आणि बरेच दुकानदार अनामत घेऊन तेवढे दिवस खडा देतात. स्वप्नं पडायची तेव्हा पडोत. त्याच तीन दिवसांत खडा लॅबमध्ये दाखवून आणा. आधी विचारून घ्या, रिपोर्टला वेळ लागत असेल तर मुदत वाढवून मागा. ‘लॅबमध्ये नेऊ नका’ असं उत्तर आलं, तर तिथेच निकाल लागला.

पायरी ८: आता रंग बघा

दुकानातले दिवे निळं खुलवायलाच लावलेले असतात. खडा दारापाशी, उन्हाच्या थेट झोतात नव्हे तर सावलीतल्या उजेडात न्या. मग घरच्या पिवळ्या दिव्याखाली कसा दिसतो तेही पहा. हात लांब करून बघितल्यावर काळा ठिपका दिसत असेल तर तो नीलम कितीही ‘डार्क’ म्हणून कौतुकाने दाखवला तरी घेऊ नका.

मग खडा छापील मजकुरावर ठेवा. मधोमध अक्षरं वाचता येत असतील तर घाट उथळ आहे, उजेड परत न येता खालून निसटतोय. याच्या उलट काही खड्यांचं पोट उगाच फुगलेलं असतं. ते पोट अंगठीत दिसत नाही, पण त्याचं वजन तुम्ही विकत घेता. एकदा बाजूनेही निरखा. श्रीलंकेतले कारागीर कधी कधी रंगाचा ठिपका मुद्दाम खालच्या टोकाशी ठेवतात. वरून सगळा खडा निळा दिसतो, बाजूने पाहिलं तर अंग पाण्यासारखं. ही फसवणूक नव्हे, कसब आहे. पण असा खडा पुढे कधी पुन्हा घासून घ्यायचा विचार करू नका.

पायरी ९: बसवताना आणि नंतर

बिलावर ‘नीलम’ एवढंच लिहून घेऊ नका. नैसर्गिक, हीटेड की अनहीटेड, कॅरेट वजन आणि रिपोर्टचा नंबर, हे सगळं बिलात हवं.

खडा बोटाला लागावा म्हणून अंगठी मागून उघडी ठेवतात. त्या भोकात पीठ, साबण आणि तेल साचतं आणि महिन्याभरात खडा मंद दिसायला लागतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे. ठेवताना मोती आणि पाचूपासून वेगळा ठेवा. नीलम त्यांना ओरबाडतो आणि हिरा नीलमाला. फरशीवर पडला तर टवका उडू शकतो, कठीण आहे म्हणजे फुटणारच नाही असं नाही.

अंगठी लहान-मोठी करायला दिली तर सोनाराला आधीच सांगा: खडा काढून मग डाग द्या. गॅसची आच आणि टाकणखार एकत्र लागले की नीलमाचा पृष्ठभाग खरचटल्यासारखा होतो. अगदी उत्तम, अनहीटेड नीलमाचाही. पुन्हा पॉलिश करावं लागतं आणि त्यात वजन जातं. दुकानात उभं राहूनच खडा कोंदणातून काढून घ्या, कागदाच्या पुडीत बांधून घरी आणा, आणि अंगठी तयार झाल्यावर तो समोर बसवून घ्या.